बंद पडलेलं सोलर : आधी मीटर, मग पाना

बॅटरीवर चालणारं सोलर बंद पडलं की बहुतेक घरांत एकच निदान होतं : बॅटरी गेली. दुकानदाराला फोन होतो, तोही न बघताच दुजोरा देतो आणि 25-30 हजारांच्या नव्या बॅटऱ्या टेम्पोतून येतात. काही दिवस सगळं सुरळीत चालतं आणि यंत्रणा पुन्हा बंद पडते, कारण दोष बॅटरीत नव्हताच. तो वायरच्या टोकाच्या एखाद्या गंजलेल्या लगमध्ये होता, पॅनलवर पडणाऱ्या सावलीत होता किंवा घरातल्या रोजच्या वापराच्या हिशेबात होता. अशी यंत्रणा बंद पडते तेव्हा बहुतेक वेळा तिने स्वतःला वाचवण्यासाठी हात आखडता घेतलेला असतो. कशापासून वाचवण्यासाठी, हे शोधणं हे खरं काम. त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. एक साधा डिजिटल मल्टिमीटर, एक वही आणि घाई न करण्याची तयारी एवढं बऱ्याचदा पुरतं.

इथे बोलतोय ते ऑफग्रिड सोलरबद्दल, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. शहरातल्या गच्चीवर महावितरणच्या मीटरला जोडलेलं जे सोलर असतं ते लाइन गेली की भर उन्हातही बंद होतं. ते मुद्दाम तसं केलेलं असतं, खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छपरावरून शॉक बसू नये म्हणून. शेतातल्या सोलर पंपाला तर सहसा बॅटरीच नसते. आपला विषय आहे तो अक्राणीच्या पाड्यावर, मेळघाटात, भामरागडच्या जंगलपट्ट्यात किंवा घाटमाथ्यावरच्या शेतघरात दिसणारा संच : पॅनल, चार्ज कंट्रोलर, बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर. लाइनचा आधार नाही किंवा असून नसल्यासारखा. इथे सोलर बंद म्हणजे अंधार, मोबाइल बंद, पाण्याची टाकी रिकामी.

आकडे डोळ्यांसमोर राहावेत म्हणून एक नेहमीचा संच धरू. 335 वॅटची दोन पॅनल सिरीजमध्ये, एक एमपीपीटी चार्ज कंट्रोलर, 12 व्होल्ट 150 अँपिअर-तासाच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे 24 व्होल्टचा संच, आणि 1.5 केव्हीएचा इन्व्हर्टर. वीज पॅनलकडून कंट्रोलरकडे, तिथून बॅटरीकडे, बॅटरीकडून इन्व्हर्टरकडे आणि शेवटी घरातल्या बोर्डाकडे जाते. अनेक ठिकाणी कंट्रोलर आणि इन्व्हर्टर एकाच डब्यात असतात, पण आतली वाट हीच. तपासताना मात्र या वाटेच्या एका टोकाकडून सुरुवात करायची नाही. मधोमध बॅटरी आहे, तिथून सुरुवात करायची आणि मग दोन्हीकडे सरकायचं. भरणारी बाजू एकीकडे, उपसणारी बाजू दुसरीकडे.

हात लावण्याआधी सुरक्षिततेचं सांगणं भाग आहे, आणि हा भाग चाळून पुढे जाऊ नका. 12 व्होल्टने शॉक बसत नाही म्हणून लोक बॅटरीला खेळणं समजतात. पण 150 अँपिअर-तासाच्या बॅटरीच्या दोन टर्मिनलवर लोखंडी पाना आडवा पडला तर क्षणात हजारभर अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह वाहतो. पाना लाल होतो, टर्मिनल वितळतं आणि बोटात अंगठी असेल तर बोट जातं. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. चार्ज होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचं प्रमाण 4 टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते, म्हणून खोलीची दारं-खिडक्या आधी उघडा, काडी पेटवून आत डोकावू नका. डोळ्यांवर चष्मा हवा. अ‍ॅसिड उडालंच तर भरपूर पाण्याने किमान 15 मिनिटं धुवायचं आणि डोळ्यात गेलं असेल तर तडक डॉक्टरकडे जायचं.

पॅनलकडच्या वायरींचा धोका वेगळा आहे. घरातली एसी वीज सेकंदाला 100 वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच उघडला की ठिणगी विझते. पॅनलची डीसी वीज शून्यावर येतच नाही. आपल्या दोन पॅनलच्या सिरीजमध्ये 80-90 व्होल्ट असतात आणि चालू प्रवाहात त्यांचा कनेक्टर ओढून काढला तर ठिणगीचा जाळ होतो, तो विझत नाही. म्हणून पॅनलचे कनेक्टर ऊन असताना कधीही ओढायचे नाहीत, आधी डीसी एमसीबी पाडायचा. तो एमसीबीही डीसीसाठीच बनवलेला हवा, घरगुती एसीचा तिथे चालत नाही.

बंद करण्याचा क्रम असा : घरातला लोड बंद, इन्व्हर्टर बंद, मग पॅनलचा एमसीबी आणि सर्वांत शेवटी बॅटरीचा. सुरू करताना बरोबर उलट, बॅटरी पहिली. पॅनल चालू असताना बॅटरी काढली तर कंट्रोलरमधून येणाऱ्या प्रवाहाला जायला जागा उरत नाही, व्होल्टेज उसळतं आणि कंट्रोलर किंवा इन्व्हर्टर जळू शकतो. शिवाय बरेच कंट्रोलर बॅटरीचं व्होल्टेज बघूनच संच 12 चा आहे की 24 चा हे ठरवतात. त्यांना बॅटरी आधी दिसली पाहिजे.

आता प्रत्यक्ष तपास. इन्व्हर्टरच्या आणि कंट्रोलरच्या पडद्यावर जे काही लिहिलंय किंवा जो दिवा लुकलुकतोय त्याचा मोबाइलवर फोटो काढा. बंद-चालू केलं की तो संदेश पुसला जातो आणि कंपनीच्या माणसाला नंतर तोच हवा असतो. ‘लो बॅटरी’, ‘ओव्हरलोड’, ‘ओव्हर टेम्परेचर’ आणि ‘शॉर्ट सर्किट’ हे चार वेगळे आजार आहेत. मग नाकाने आणि डोळ्यांनी तपासा : जळका वास, कुजक्या अंड्यासारखा वास, फुगलेली बॅटरी, टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर, उंदराने कुरतडलेली वायर, इन्व्हर्टरच्या जाळीतून डोकावणारी पाल. बॅटरी फुगली असेल, हाताला कढत लागत असेल किंवा कुजका वास येत असेल तर तिथेच थांबा. पॅनलचा एमसीबी पाडा, खोली मोकळी करा आणि माणूस बोलवा.

यातलं काही नसेल तर बॅटरी तासभर तरी निवांत पडू द्या, भरणंही बंद आणि उपसणंही बंद. ताज्या चार्जिंगने व्होल्टेज खोटं वर दिसतं आणि लोडखाली खोटं खाली. तासाभराने मल्टिमीटर डीसीवर ठेवून दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा, एकत्र नाही. एकत्र 24.2 दिसलं तर बरं वाटतं, पण त्यात एक 12.5 ची आणि दुसरी 11.7 ची असू शकते, आणि तीच तर गोष्ट शोधायची आहे. ढोबळ हिशेब असा : 12 व्होल्टची ट्यूब्युलर बॅटरी भरलेली असेल तर निवांत असताना 12.5 ते 12.7, अर्धी असेल तर 12.1-12.2, आणि 11.8 च्या खाली गेली तर रिकामी. दोन बॅटऱ्यांत पाव व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर जी खाली आहे तिच्यावर खूण करा.

पाण्याच्या बॅटरीत याहून खात्रीचा साक्षीदार हायड्रोमीटर. एका बॅटरीत सहा सेल. प्रत्येक सेलचं झाकण काढून अ‍ॅसिडची घनता बघायची. आपल्याकडच्या ट्यूब्युलर बॅटऱ्यांत पूर्ण चार्जला ती साधारण 1.240 च्या आसपास असते, नेमका आकडा बॅटरीवर किंवा वॉरंटी कार्डावर छापलेला असतो. एक उपयोगी नियम लक्षात ठेवा : घनतेत 0.84 मिळवलं की त्या सेलचं निवांत व्होल्टेज मिळतं. 1.240 अधिक 0.84 म्हणजे 2.08, गुणिले सहा म्हणजे 12.5 च्या जवळ. मीटरचा आणि हायड्रोमीटरचा आकडा जुळला तर दोघंही खरं बोलताहेत. सहाही सेल सारखेच खाली असतील, समजा सगळे 1.14 च्या आसपास, तर बॅटरी उतरली आहे, मेलेली नाही, तिला चार्जिंग हवंय. पण पाच सेल 1.23 वर आणि एकटा 1.13 वर असेल तर तो सेल गेला आहे. आतून शॉर्ट झालेल्या सेलची बॅटरी पूर्ण चार्जिंगनंतरही दोनेक व्होल्ट कमीच दाखवते, साडेदहाच्या आसपास अडकते, आणि तिच्या वाटचं व्होल्टेज दुसऱ्या बॅटरीला मिळून ती उकळायला लागते. नवी बॅटरी घ्यायची वेळ येते ती इथे, त्याआधी नाही.

आता समजा मोजल्यावर दोन्ही बॅटऱ्या 11.7-11.8 निघाल्या. म्हणजे त्या रिकाम्या आहेत आणि इन्व्हर्टरने लो बॅटरी म्हणून बंद केलं ते बरोबरच होतं. इन्व्हर्टर सहसा 10.5 व्होल्टच्या आसपास, म्हणजे 24 च्या संचात 21 वर, तोडतात. लोड सुटला की तीच बॅटरी काही वेळात 11.8 पर्यंत चढते, म्हणून ‘अजून जीव आहे तिच्यात’ असं वाटतं. अनेक इन्व्हर्टर व्होल्टेज थोडं चढलं की आपोआप सुरू होतात, पाच मिनिटांत परत पडतात, पुन्हा बीप, पुन्हा सुरू. लोक ही कसरत रात्रभर चालू देतात. कृपया असं करू नका. इथे एक गोष्ट फार कमी सांगितली जाते : 10.5 ही मर्यादा मोठ्या लोडसाठी ठीक आहे. घरात दोन बल्ब आणि राउटर एवढाच लोड असेल तर 10.5 येईपर्यंत बॅटरी जवळजवळ तळापर्यंत उपसलेली असते. इन्व्हर्टरमध्ये सेटिंग असेल तर ही मर्यादा 11.4-11.5 वर न्या. बॅटरीचं आयुष्य त्याने खरोखर वाढतं.

याच्या उलट, निवांत मोजल्यावर दोन्ही 12.4 च्या वर निघाल्या आणि तरीही इन्व्हर्टर लो बॅटरी म्हणत असेल, तर माझा पहिला संशय जोडण्यांवर. हे जरा जवळून बघण्यासारखं आहे. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा, नटवर किंवा लगवर नाही, थेट खुंटीवर. दुसरं टोक त्याच खुंटीला जोडलेल्या वायरच्या तांब्याच्या लगवर. दोन टोकांत जेमतेम बोटभर अंतर आहे, त्यामुळे वाचन जवळपास शून्य यायला हवं. आता घरात कुणाला तरी मोठा लोड सुरू करायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. तो काही मिलिव्होल्ट राहिला तर जोडणी चांगली. पण तो 0.3, 0.5, 0.8 असा चढत गेला तर तेवढे व्होल्ट त्या बोटभर जागेतच मरताहेत. 40 अँपिअर प्रवाह असताना 20 मिलिओहमचा गंज 0.8 व्होल्ट खातो आणि 32 वॅट उष्णता करतो, म्हणजे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या सोल्डरिंग आयर्नइतकी. अशा दोन जोडण्या खराब असल्या की 1.6 व्होल्ट गेले. बॅटरीपाशी 22.6 असतात, इन्व्हर्टरला 21 दिसतात आणि तो बंद होतो. बॅटरी निर्दोष, इन्व्हर्टर निर्दोष, आणि बदलतात मात्र यांनाच.

दोन बॅटऱ्यांना जोडणारी मधली छोटी वायर या बाबतीत सर्वांत दुर्लक्षित. तिच्या दोन्ही टोकांना हीच परीक्षा घ्या. बॅटरीचा फ्यूज आणि डीसी एमसीबी यांच्या दोन टोकांतही मोजा, आत काळे पडलेले संपर्क असेच पकडले जातात. इलाज स्वस्त आहे. सगळं क्रमाने बंद करायचं, लग सोडवायचं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने गंज धुवायचा (सोड्याचं पाणी सेलच्या आत एक थेंबही जाता कामा नये), पॉलिश पेपरने खुंटी आणि लग चकचकीत करायचं, कोरडं करून घट्ट आवळायचं आणि वरून पेट्रोलियम जेली लावायची. जेली आवळण्याच्या आधी नाही, नंतर. लग वायरवर पक्कडीने चेपलेलं असेल तर ते क्रिम्पिंगच्या हत्याराने नव्याने बसवून घ्या, पक्कडीची पकड जड प्रवाहाला पुरत नाही.

आता भरणाऱ्या बाजूकडे. बॅटऱ्या रिकाम्या का राहिल्या? सकाळी दहा-अकराच्या उन्हात पॅनलचा एमसीबी पाडून पॅनलकडच्या टोकांवर डीसी व्होल्ट मोजा. आपल्या 335 वॅटच्या पॅनलचं उघडं व्होल्टेज थंड असताना सुमारे 46, दोघांचं मिळून 92, आणि उन्हात तापल्यावर 80 ते 86 च्या दरम्यान. शून्य आलं तर सिरीजमध्ये कुठेतरी वाट तुटली आहे. अशा वेळी कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय का, उंदीर-माकडांनी वायर तोडली का, हे बघायचं. साधारण 15 व्होल्ट कमी आले तर पॅनलच्या मागच्या डब्यातल्या तीन बायपास डायोडांपैकी एक शॉर्ट झाला असण्याची शक्यता दाट. वळवाच्या पावसात विजा कडाडून गेल्यावर हे बघायला मिळतं. त्याच वेळी डीसी बॉक्समधल्या सर्ज प्रोटेक्टरची छोटी खिडकी हिरवी आहे की लाल तेही पाहा. लाल म्हणजे त्याने आपलं काम केलं, आता तो बदलायचा.

पण व्होल्टेज पूर्ण आलं म्हणून पॅनल निर्दोष ठरवू नका. ढगाळ आभाळातही व्होल्टेज जवळपास पूर्ण दिसतं, प्रवाह मात्र दहावा हिस्साही नसतो. चार्जिंग होतं ते प्रवाहाने. एमसीबी चालू करून कंट्रोलरच्या पडद्यावर किंवा डीसी क्लॅम्प मीटरने बॅटरीकडे जाणारे अँपिअर बघा. रिकाम्या बॅटरीला स्वच्छ दुपारी आपल्या संचातून 15 ते 20 अँपिअर जायला हवेत. चार-पाचच जात असतील तर छपरावर चढून बघायलाच हवं. धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते, शेवाळ असतं, पण आपल्याकडे एक खास कारण आहे. सोलर बहुधा उन्हाळ्यात बसवतात, तेव्हा शेजारचा साग निष्पर्ण असतो. जूनपासून त्याला पानं फुटतात आणि श्रावणात मोठमोठ्या पानांची सावली बरोबर पॅनलच्या कोपऱ्यावर येते. सिरीजमध्ये एका पॅनलच्या कोपऱ्यावरची सावलीही कमाई चांगलीच खाली आणते. एप्रिलमध्ये निर्मळ चाललेलं सोलर ऑगस्टमध्ये का मरगळलं, याचं उत्तर कधी कधी एवढंच असतं.

व्होल्टेज आहे, ऊन आहे आणि कंट्रोलर शून्य अँपिअर दाखवतोय, तर त्याच्या आणि बॅटरीच्या मधला फ्यूज बघा. तो शाबूत असेल तर सेटिंग बघा. लिथियमची बॅटरी आणि ट्यूब्युलरचं सेटिंग किंवा उलट, हा घोळ नवीन बॅटरी बसवल्यावर सर्रास होतो. ट्यूब्युलरला 12 मागे 14.4 व्होल्टपर्यंत चढवावं लागतं, आणि अधूनमधून इक्वलायझिंगसाठी, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर आणण्यासाठी, 15 च्या वरही. लिथियमला ते इक्वलायझिंग चालत नाही, ते बंदच ठेवायचं.

कधी कधी कंट्रोलर बॅटरी ओळखतच नाही, कारण ती फार खोल गेलेली असते. 24 चा संच 18 च्या खाली घसरला तर आपोआप ओळखणारा कंट्रोलर त्याला 12 चा संच समजू शकतो किंवा जागाच होत नाही. अशा वेळी दोन्ही बॅटऱ्या सोडवून, लाइन किंवा जनरेटर असेल तिथे 12 व्होल्टच्या चार्जरवर एकेक करून 10-15 अँपिअरने सावकाश भरायच्या. एका बॅटरीचं वजन 50-60 किलो भरतं, तेव्हा दोन माणसं हवीत. ट्रॅक्टरची बॅटरी वायरने जोडून ‘दणका’ देण्याची पद्धत मला अजिबात पसंत नाही. दोन बॅटऱ्यांत व्होल्टेजचा फरक मोठा असला की अनावर प्रवाह वाहतो, वायर आणि माणूस दोघंही भाजतात. पण उशीरही करू नका. रिकाम्या पडलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि दिवसागणिक कठीण होतात. दोन दिवसांत भरलेली बॅटरी बहुधा सावरते, दोन महिने तशीच ठेवलेली बहुधा सावरत नाही.

लिथियमच्या बॅटरीचं वागणं वेगळं, म्हणून ती वेगळी सांगतो. आजकाल मिळते ती लिथियम आयर्न फॉस्फेट, सेलचं व्होल्टेज 3.2. तिच्या पोटात बीएमएस नावाचा पहारेकरी असतो. एखादा सेल अडीचच्या आसपास घसरला की तो बाहेरची वाट तोडतो आणि टर्मिनलवर मीटर शून्य किंवा दोन-चार व्होल्ट दाखवतो. बॅटरी मेली असं वाटतं, पण ती झोपलेली असते. अडचण अशी, की कंट्रोलरला समोर बॅटरीच दिसत नाही म्हणून तो चार्जिंग सुरू करत नाही, आणि चार्जिंग मिळाल्याशिवाय बीएमएस उठत नाही. काही बॅटऱ्यांना उठवायचं बटण असतं, काही चार्जरमध्ये ती सोय असते, बाकीच्यांसाठी विक्रेत्याकडून तसा चार्जर मिळवावा लागतो. एखादा सेल 2 व्होल्टच्या खाली राहिला असेल तर मात्र स्वतः जबरदस्तीने चार्ज करू नका, आतून नुकसान झालेलं असू शकतं.

लिथियम भर दुपारी, कडक उन्हात आणि भरलेली असतानाही बंद पडू शकते. 24 व्होल्टच्या संचातल्या आठ सेलांपैकी एक इतरांच्या पुढे धावतो आणि 3.65 ला पोचतो. बीएमएस चार्जिंग तोडतो, त्या क्षणी कंट्रोलरकडून येणारं व्होल्टेज उसळतं आणि इन्व्हर्टर ओव्हर व्होल्टेज दाखवून झोपतो. मोबाइलच्या अ‍ॅपवर सेलांची व्होल्टेज बघितली की पुढे धावणारा सापडतो. चार्जिंगची मर्यादा सेलमागे 3.45 ते 3.5 वर आणली तर सेल हळूहळू एका रांगेत येतात.

उपसणाऱ्या बाजूचं थोडक्यात. इन्व्हर्टरचं आउटपुट सोडवून त्याला मोकळा सुरू करा. चालला तर दोष घरातल्या वायरिंगमध्ये किंवा एखाद्या उपकरणात, मग एकेक एमसीबी चढवत जा. मोकळाही चालत नसेल तर तो उघडण्याचं काम तुमचं नाही, आतल्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही वीज साठलेली असते. ओव्हरलोडचा संदेश आला असेल तर बंद पडताना घरात काय चालू होतं ते आठवा. पाण्याची मोटर सुरू होताना क्षणभर पाच ते सात पट प्रवाह ओढते. अर्ध्या एचपीची मोटर 370 वॅटची म्हणून 1.5 केव्हीएवर चालेल असा हिशेब मांडतात, पण त्या क्षणाला ती 2000 च्या पुढे मागते. त्याच झटक्यात बॅटरीचं व्होल्टेजही बसतं, म्हणून कधी ओव्हरलोडऐवजी लो बॅटरी लिहून येतं.

सगळं तपासलं, काहीच खराब निघालं नाही, तर मग वही उघडायची. पावसाळ्यातली बहुतेक प्रकरणं इथेच सुटतात. आपल्या संचाच्या बॅटऱ्यांत 24 गुणिले 150, म्हणजे 3.6 युनिट. आयुष्य टिकवायचं तर त्यातली निम्मीच वापरायची, 1.8 युनिट. आता खर्च : 9 वॅटचे चार बल्ब पाच तास, 180. पंखा 60 वॅट, सहा तास, 360. टीव्ही 60 वॅट, तीन तास, 180. राउटर आणि मोबाइल मिळून दिवसभरात 240. आणि इन्व्हर्टर स्वतः नुसता चालू राहायला 20 वॅट खातो, चोवीस तासांत 480. एकूण 1440 वॅट-तास, म्हणजे जवळपास दीड युनिट, आणि त्यातला तिसरा हिस्सा इन्व्हर्टरच्या पोटात जातो, ज्याचा हिशेब कुणीच धरत नाही. स्वच्छ दिवशी आपली 670 वॅटची पॅनल दोन युनिटच्या वर देतात, त्यामुळे एप्रिलमध्ये काही कळत नाही. घाटमाथ्यावर जुलैच्या झडीत अर्धा-पाऊण युनिट मिळालं तरी पुष्कळ. रोज जवळपास एका युनिटची तूट. दोन दिवसांत 1.8 संपतं आणि तिसऱ्या रात्री इन्व्हर्टर बंद. बिघाड कुठेच नाही. नवी बॅटरी आणली तरी तिसऱ्याच रात्री तीही रिकामी होईल, कारण भरायलाच काही नाही.

अशा घराला मी बॅटरी वाढवायला सांगत नाही, पॅनल वाढवायला सांगतो. बॅटरीपेक्षा पॅनल आता स्वस्त पडतं, आणि ढगाळ दिवशी कमाई वाढवण्याचा दुसरा मार्ग नाही. फक्त कंट्रोलरची मर्यादा आधी बघून घ्यायची. आणि रात्री झोपताना इन्व्हर्टर बंद करून राउटर आणि दोन बल्ब थेट डीसीवर चालवले, तर त्या 480 मधले बरेच वाचतात.

बॅटरी बदलायचीच ठरली तर जोडी बदला. सिरीजमध्ये जुनीबरोबर नवी बसवली की जुनी आधी रिकामी होते, आधी भरते, आणि नवीला आपल्या पातळीवर ओढते. वर्षभरात दोन्ही सारख्याच थकतात. आणि जुनी बॅटरी भंगारात किंवा ओढ्याकाठी नाही, दुकानदारालाच परत. ‘बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022’नुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तिच्यात शिसं आहे आणि अ‍ॅसिड आहे, विहिरीच्या पाण्यात ते उतरता कामा नये.

एक विनंती आहे. तुमचं सोलर आज नीट चालत असेल तर याच आठवड्यात सकाळी, पॅनलवर ऊन यायच्या आत, सगळा लोड आणि पॅनलचा एमसीबी बंद करून तासाभराने दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज मोजा. पाण्याची बॅटरी असेल तर बाराही सेलांची घनता, स्वच्छ दुपारचे चार्जिंगचे अँपिअर आणि प्रत्येक जोडणीवरचे मिलिव्होल्टही मोजा. तारखेसह इन्व्हर्टरच्या बाजूला भिंतीवर लिहून ठेवा. ज्या दिवशी ते बंद पडेल त्या दिवशी याच आकड्यांशी तुलना करायची आहे, आणि मेकॅनिकला फोनवर ‘सोलर चालत नाही’ऐवजी हे आकडे सांगायचे आहेत.